पासंग

सत्तावीस वर्षं तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात
मी मापाडी आहे.
काटा थांबेस्तोवर श्वास धरायचा,
मग आकडा पुकारायचा.
बारदान वजा, कडता वजा,
उरेल ते निव्वळ.

एकशे सहा किलो दोनशे ग्रॅम.
हा माझा.
तो इनामदार डॉक्टरीणबाईंनी पुकारला, हळूच,
साखरेच्या रिपोर्टावर बोट ठेवून.

आता दर गुरुवारी फ्रिजच्या दारातून,
लिंबाच्या लोणच्याशेजारून,
मी पेन काढतो. लिहायचं नाही, टोचायचं.
बेंबीपासून चार बोटं सोडून कातडीचा चिमटा,
आणि दहापर्यंत मोजायचं.
पहिल्या महिन्यात मला कांद्याच्या वासानं मळमळलं.
मला! कांद्याच्या!
महिपती हमाल म्हणाला,
"डोहाळं लागलं का रं?"
मी म्हटलं, पित्त.

मग भूक गप्प झाली.
खालच्या गाळ्यातली पिठाची गिरणी
भर दुपारी बंद पडावी
आणि तेव्हा कळावं,
इतकी वर्षं आपण ओरडून बोलत होतो,
तसं.

माझा बाप ढेबेवाडीहून आला.
शंभर किलोची गोणी पाठीवर घ्यायचा,
बसला की सात भाकऱ्या,
तरी बरगड्या लांबून मोजाव्यात.
मला त्याची भूक मिळाली,
गोणी मिळाली नाही.

बाई म्हणाल्या, औषध भूक आवरेल,
ताट तुम्हालाच बदलावं लागेल.
आधी मटकी, डाळ, अंडं. भात शेवटी, मूठभर.
आणि वजनं उचला,
नाहीतर चरबीसोबत ताकदही जाईल.
वजनं उचला! माथाडीच्या पोराला!
हसू आवरून मी मान डोलावली.
मनात म्हटलं, म्हणजे हा पासंग.
तागडी सरळ करायला
पारड्याखाली बांधलेला खडा.
त्यानं माल भरत नाही.

तेव्हापासून पहाटे कोपरखैरण्याच्या निसर्ग उद्यानात
शालन आणि मी.
इथं पूर्वी कचऱ्याचा डोंगर होता,
तिला अजून आठवतो त्याचा वास.
आता त्यावर गवत. चढ तेवढा राहिलाय.
तिचे गुडघे वाजतात, ती थांबते,
बुटाची नाडी सैल झाल्याचं निमित्त करते.
बुटाला नाडी नाही, वेल्क्रो आहे.

पेनाचे पैसे एकाच पोटापुरते.
साखर माझी, म्हणून सुई माझी.
ती कधी काही बोलली नाही.
फक्त परातीतला पिठाचा गोळा
आठवड्या-आठवड्याला लहान होत गेला,
आणि एका रात्री भाकरी थापता थापता
पाठमोरीच म्हणाली,
"माझ्या हातचं नको झालं की भूकच न्हाई,
येवढं नक्की सांग."
मला सांगता आलं नाही.
मी अर्धी भाकरी खाल्ली, उरलेली अर्धी झाकली,
ती झाकलेली रात्रभर दिसत राहिली.

मागच्या रविवारी बाजार बंद.
शेठचा गाळा झाडायला म्हणून गेलो, ती सोबत आली.
रिकामी पाखी, सालपटं,
एक मांजर बटाट्याच्या गोणीवर पसरलेलं.
ती चपला काढून काट्यावर चढली.
"बारदान वजा कर हां," म्हणाली, "साडी जरीची हाय."
आकडे लाल, धावले, थांबले.
माझ्या तोंडून हाळी निघेना.

तिनंच वाकून वाचलं.
"पंच्याहत्तर. म्हंजी बटाट्याच्या दीड गोण्या!"
आणि एवढी हसली की काटा पुन्हा हलायला लागला,
चौऱ्याहत्तर, सहासष्ट, ऐंशी,
स्थिरच होईना.

मग तिनं डबा उघडला.
मोडाची मटकी, वरून कच्चा कांदा.
मी सावकाश चावत बसलो.
कांदा गोड लागला.
कुठल्या गावचा, विचारायला पाहिजे.